पट्टी काढल्यावर पेटीने काय सांगावं

तासगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत रहिमान शिकलगार यांचं ब्लोअर दुरुस्तीचं दुकान आहे. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडून द्राक्षबागेत औषध फवारायचं यंत्र. ऐन हंगामात ते बंद पडलं की शेतकरी आधी चिडतो आणि मग दुकानात येतो. त्यामुळे त्या दुकानात सकाळपासून चिडलेलीच माणसं असतात. रहिमानचाचा पाना घेऊन खाली वाकलेले आणि वर चार जणांचा आवाज, माझा पंप आधी, माझा आधी. अशा वेळी शाळेतून आलेली त्यांची मुलगी आबेदा दप्तर खाली ठेवत म्हणायची, "काका, तुमचं तर होणारच आहे. यांचं जरा बारकं काम आहे, तेवढं उरकलं की अब्बा मोकळ्या हातानं तुमच्याच पंपाला लागतील." ज्याला थांबायला सांगितलं त्यालाही वाटायचं, आपलंच ऐकलं.

हे मला रहिमानचाचांनी सांगितलं. सांगताना ते अजून हसतात. "वकील व्हायची ती. चुकून इंजिनियर झाली."

आबेदाताईंनी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुण्यात काही वर्षं नोकरी केली आणि मग तासगावात परत येऊन वडिलांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत स्वतःचं काम सुरू केलं. त्यांचा नवरा एसटीच्या तासगाव आगारात मेकॅनिक, नाव राहील. तो म्हणतो, "आमच्या घरात तिघंही मशीनच दुरुस्त करतात, फक्त हिच्या मशीनला चाकं नाहीत." वरच्या खोल्यांत सिमरन आणि आणखी तिघी जणी सोल्डरिंगचे डाग देतात, वायरी जोडतात, आणि द्राक्षबागेसाठी हवामानाच्या पेट्या तयार होतात.

ही पेटी बागेत लोखंडी अँगलवर बसते. तिला जोडलेली एक हिरवी पट्टी वेलीत, पानांच्या शेजारी लटकते. पानावर दव पडलं की पट्टीवरही पडतं, आणि पेटीला कळतं की पान ओलं आहे. द्राक्षाचं पान फार वेळ ओलं राहिलं की डाऊनी येतो. ही बुरशी एकदा घडात शिरली की घड वाचत नाही. पेटी ओलाव्याचा आकडा मोबाइलच्या नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवते, सर्व्हर हिशेब करतो आणि शेतकऱ्याच्या फोनवर निरोप जातो, फवारणी करा किंवा गरज नाही.

एका बागेच्या माहितीवर फारसं भागत नाही. आजूबाजूच्या बागांचीही माहिती मिळाली तर रोग कुठून कुठं सरकतोय ते आधी कळतं. पण शेजारच्या बागेत पेटी दुसऱ्याच कुणाची. आबेदाताईंची पेटी ओलावा टक्क्यांत पाठवायची, मिरजेच्या जयराजची तासांत, आणि कराडच्या राजनंदिनीमॅडमची नुसतं ओलं किंवा कोरडं. सर्व्हरने कुणाचं ऐकायचं?

म्हणून द्राक्ष बागायतदारांच्या गटाने तिघांना बोलावलं. गटाचे अध्यक्ष नाथाजी जमदाडे फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. सगळे त्यांना आण्णा म्हणतात.

"तीन पेट्या आन् तीन भाषा," आण्णा म्हणाले. "आमी काय मधी दुभाषा ठेवू? एका जागी बसा आन् एकच कागद करा. पेटीनं काय पाठवायचं, कसं पाठवायचं, सगळं त्यात. ऑक्टोबर छाटणीच्या आधी सह्या झालेला कागद पायजे. न्हाई झालं तर बाहेरची मोठी कंपनी तयार हाय, सगळ्या बागांत एकाच छापाच्या पेट्या बसवून देती. मग तुमी तुमच्या घरी, आमी आमच्या."

मोठी कंपनी आली असती तर जयराजचं बिघडत नव्हतं, त्याची ठिबकची एजन्सी होती. राजनंदिनीमॅडमना कॉलेजची नोकरी होती. आबेदाताईंकडे फक्त पेट्या होत्या, आणि वरच्या दोन खोल्या, आणि त्या चौघी जणी. कागद झाला नसता तर दोन्ही खोल्यांना कुलूप लागलं असतं.

तंत्रज्ञांच्या जगात अशा कागदाला मानक म्हणतात. त्याचा मसुदा टाइप करायचं काम गटाने माझ्याकडे दिलं होतं, म्हणून मी प्रत्येक बैठकीला असायचो. बैठका बेदाणा मार्केटच्या बाजूला, गटाच्या ऑफिसात व्हायच्या. टक्के की तास हे सुटलं, वेळ कशी लिहायची हेही सुटलं. सहाव्या कलमाला गाडी अडली. पट्टीकडून पेटीला आकडा आलाच नाही, तर पेटीने सर्व्हरला काय पाठवावं?

"मागचा आकडा पाठवायचा," जयराज म्हणाला. "मोकळं दिसलं की शेतकरी काय म्हणतो ठाऊक आहे का मॅडम? मशीन बंद पडलं म्हणतो. आणि फोन मला करतो, तुमच्या कॉलेजला नाही."

"म्हणजे खोटा आकडा दाखवायचा?"

"खोटा कुठला? मागच्या तासाचाच आहे. तासाभरात काय जग बदलतंय?"

"ढग आला तर बदलतं."

"तुमच्या कराडात बदलत असेल."

राजनंदिनीमॅडमनी पेनाचं टोपण लावलं. आता त्या उठून जातील असं वाटलं. आबेदाताईंची पेटी अशा वेळी शून्य पाठवायची, पण त्यांनी आपलं काही पुढे केलं नाही. त्या म्हणाल्या, "असं लिहू या का? 'पट्टीकडून आकडा उपलब्ध नसल्यास पेटीने योग्य तो आकडा पाठवावा.'"

जयराजने मान हलवली. राजनंदिनीमॅडम थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "चालेल. काहीच न पाठवणं हेही योग्यात बसतं." चहा आला. आण्णा खूश झाले. "बघा. ह्याला म्हणत्यात डोकं." मी वाक्य टाइप केलं आणि आम्ही सातव्या कलमाकडे गेलो.

सगळी कलमं झाल्यावर मसुदा आगाप छाटणीच्या थोड्या बागांत चालवून बघायचं ठरलं. आगाप म्हणजे बाकीच्यांच्या आधी छाटणी घेतलेल्या बागा. त्यातली एक मणेराजुरीच्या सुलाबाईंची. नवरा सीमेवर नोकरीला, बाग सगळी त्याच बघतात.

त्या पट्ट्यात औषध मारण्याआधी झाकाझाकी करायची पद्धत आहे. मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी एकदा बसलं की निघत नाही. म्हणून मोटारीच्या स्टार्टरवर पोतं, गाडीच्या सीटवर प्लॅस्टिक, पाण्याच्या घागरीवर ताट. पेट्या आल्या तेव्हा पहिल्याच फवारणीत पट्ट्या निळ्या झाल्या आणि काहीबाही सांगायला लागल्या. त्यावर बागेतल्या बायकांनी आपणच तोड काढली. फवारणीआधी पट्टीची पिन पेटीतून उपसायची, पट्टी दुधाच्या पिशवीत गुंडाळून तारेला बांधायची, आणि औषध वाळलं की परत जोडायची. या बागेतून त्या बागेत ही युक्ती पसरली. पेट्या बनवणाऱ्या तिघांपैकी एकालाही ती माहीत नव्हती.

सप्टेंबरात एका संध्याकाळी सुलाबाईंची फवारणी संपली आणि पाऊस आला. सगळे पळाले. पट्टी पिशवीतच राहिली. पुढचे काही दिवस रिमझिम होती, सकाळी दव होतं. मोबाइलवर रोज हिरवा टिपका यायचा. कोरडे. फवारणीची गरज नाही.

डाऊनी आल्याचं कळल्यावर आबेदाताई स्कूटरवरून मणेराजुरीला गेल्या. मला रस्त्यात घेतलं. सुलाबाई बागेच्या तोंडालाच उभ्या होत्या.

"ये गं," त्या म्हणाल्या. "तुझी पेटी बरोबर हाय, तिला बोल लावू नगंस. पट्टी मीच काढल्याली, जोडायची राह्यली. माझंच डोकं ठिकाणावर न्हाई."

आबेदाताईंनी एक पान उलटं केलं. खालून पांढरी लव. विहिरीकडच्या दोन ओळींत बारके घड तपकिरी पडून वाळत होते.

"काकी, मोबाइलवर काय दिसत होतं?"

"कोरडं. हिरवा टिपका. आता पाऊस काय दिसत नव्हता डोळ्याला? दिसत हुता. पण म्हटलं, मशीन माझ्यापरास शानं आसंल."

आबेदाताई बांधावर बसल्या. सुलाबाईंना वाटलं ऊन लागलं, त्यांनी घरातून ताक आणलं. ताक तसंच हातात राहिलं. पट्टी नव्हती म्हणून पेटीने शून्य पाठवलं होतं, आणि सर्व्हरने शून्य म्हणजे कोरडं धरलं होतं. सहाव्या कलमाप्रमाणे पेटी चुकली नव्हती, सर्व्हर चुकला नव्हता. 'योग्य तो' हे दोन शब्द आबेदाताईंचे होते.

परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, "सहावं कलम उघड."

"ताई, सह्यांची बैठक पुढच्या आठवड्यात आहे."

"उघड म्हणते ना."

पण स्वतः लगेच कुणाला फोन केला नाही. दुकानात आल्या आणि रहिमानचाचांच्या शेजारी स्टुलावर बसल्या. चाचा एका पंपाचा वॉल्व्ह खोलत होते. सगळं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाले, "लहानपणी दोघांना गोड बोलून थांबवायचीस. भांडण मिटायचं खरं. पण पंप मला दुरुस्त करायलाच लागायचा. नुसतं बोलणं ऐकून कोण घरी गेला नाही."

"आता उघडलं आणि सगळंच फिसकटलं तर अब्बा? वरच्या पोरींना काय सांगू?"

"ते मला माहीत नाही. पण पंप बंद आहे हे तुला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली. आबेदाताईंनी सुलाबाईंच्या बागेचं सांगितलं आणि सहावं कलम परत लिहू या म्हणाल्या. आण्णांनी चष्मा काढला.

"आबेदा, तू शिवणारी म्हणून तुला हितं बसवली, आन् तूच उसवाया लागलीस व्हय?"

"शिवण कच्ची होती आण्णा. माझीच होती."

जयराज टेबलावर पुढे झुकला. "ताई, वाक्य तुमचं. हार घालून घेतलं आपण ते. आता एक कलम उघडलं की एकच उघडत नाही, प्रत्येक जण आपापलं काढणार. मग त्या मोठ्या कंपनीवाल्यालाच पेढे पाठवा."

"खरं आहे."

"खरं आहे काय खरं आहे! चूक बाईंची. पट्टी त्यांनी काढली, जोडली त्यांनी नाही. त्यासाठी आपण कागद फाडायचा?"

राजनंदिनीमॅडमही आबेदाताईंच्या बाजूने लगेच आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझी पेटी असती तर काहीच पाठवलं नसतं. माझ्याकडे हा प्रश्न येत नाही."

आबेदाताई एरवी अशा वेळी दोघांनाही पटेल असं काहीतरी शोधतात. त्या दिवशी नाही शोधलं. "मला एक सकाळ द्या," त्या म्हणाल्या. "आपापली पेटी घेऊन सुलाकाकींच्या बागेत या. काही दिसलं नाही तर आहे त्या कागदावर पहिली सही माझी."

आण्णांनी चष्मा परत लावला. "एक सकाळ. त्याच्या वर एक घटका न्हाई."

बागेत तिन्ही पेट्या एकाच अँगलवर बांधल्या, तिन्ही पट्ट्या एकाच वेलीत. उजाडलं होतं, दव होतं, आणि तिन्ही पेट्या बरोबर सांगत होत्या की ओलं आहे. आबेदाताईंनी सहावं कलम मोठ्याने वाचलं. "या कलमाप्रमाणेच तिघांच्याही पेट्या बनल्या आहेत, बरोबर?" दोघांनी हो म्हटलं. मग सुलाबाईंनी तिन्ही पिना उपसल्या, पट्ट्या दुधाच्या पिशवीत गुंडाळल्या आणि तारेला गाठ मारली. जयराज ती गाठ बघतच राहिला. "हे असं करता तुम्ही?"

"मग काय डोक्यावर घिवून हिंडू?"

आण्णांच्या मोबाइलवर आम्ही सगळे वाकलो. आबेदाताईंची पेटी म्हणाली, कोरडे. जयराजची म्हणाली, ओले. राजनंदिनीमॅडमच्या पेटीच्या नावापुढे आलं, केंद्र बंद.

"ही मेली काय?" आण्णांनी विचारलं.

"नाही, ती गप्प आहे," मॅडम म्हणाल्या.

"गप्प हाय का मेलीय हे आमाला कसं कळावं? गप्प माणसाला निदान हलवून बघता येतं."

मॅडम हसल्या, पण मग गंभीर झाल्या. पेटीची बॅटरी खरोखर संपली असती तरी नेमकं हेच दिसलं असतं.

सुलाबाईंनी पोहे केले. खाऊन होईपर्यंत ऊन वर आलं. दव उडालं, पानं खडखडीत वाळली. जयराजच्या पेटीचं चालूच होतं, ओले, ओले, ओले. त्याने एक पान तोडलं, हातात चुरगाळलं आणि खिशात घातलं.

"एकच वाक्य," आबेदाताई म्हणाल्या, "आणि तीन पेट्या तीन गोष्टी सांगतात. तिघी आपापल्या जागी बरोबर. मग बागायतदारानं कुणाचं ऐकायचं?"

"पण मोकळं दाखवलं की फोन मला येतात ताई," जयराज म्हणाला. आवाज खाली आला होता, पण मुद्दा सोडला नव्हता. "माझी दोनच पोरं आहेत फोनवर. दिवसभर शिव्या खातात."

यावर सुलाबाई बोलल्या. "आवं, मी ह्यावेळी फोनच केला न्हाई कुणाला. हिरवं दिसत हुतं म्हणून. लाल दिसलं आसतं तर पैला फोन हिलाच लावला आसता, आन् दोन शिव्याबी दिल्या आसत्या. पण दोन वळी वाचल्या आसत्या माझ्या."

आण्णांनी जयराजकडे पाहिलं. "सौद्याला कवा बसलाईस का रं? बेदाण्याचं वक्कल टेबलावर येतं, म्हंजे एका शेतकऱ्याचा माल. नमुना बघून बोली लागती. आता मालच आला न्हाई, तर अडत्या मागच्या वक्कलाची मूठ ठेवतो तितं? का रिकामं ताट फिरवून म्हणतो, घ्या, गोड हाय? का तोंड बंद करून घरी जातो? सरळ सांगतो, माल आल्याला न्हाई, गाडी विसापूरला पंक्चर हाय. पंक्चर हाय म्हटल्यावर व्यापारी थांबतो की."

"म्हणजे आकडा नाही हे सांगायचं," राजनंदिनीमॅडम हळू म्हणाल्या, "आणि का नाही तेही सांगायचं."

तिथेच, बागेच्या मांडवाखाली, पोह्याच्या बशा बाजूला सारून लिहायला सुरुवात झाली. आबेदाताईंनी एक रीत घातली. एकाने वाक्य सुचवायचं, आणि बाकीच्या दोघांनी ते ऐकून आपली पेटी काय करेल ते सांगायचं. दोघांचं वेगळं आलं तर वाक्य खोडायचं. पहिल्या फेरीत सगळी वाक्यं खोडली गेली. दुसऱ्या फेरीत आबेदाताईंनीच सुरुवात केली, "पट्टी जोडलेली नसेल तर शक्यतो पेटीने..."

"ताई, 'शक्यतो' आलं," जयराज म्हणाला.

सगळे हसले. सगळ्यात जास्त आबेदाताई.

शेवटी जे उरलं ते असं होतं. पट्टी जोडलेली नसेल तर पेटीने आकडा पाठवू नये. आकड्याच्या जागी 'आकडा नाही' ही खूण पाठवावी आणि सोबत कारण पाठवावं. सर्व्हरने ही खूण ओले किंवा कोरडे म्हणून मोजू नये. त्याखाली राजनंदिनीमॅडमचं वाक्य, की आकडा असो वा नसो, पेटीने दर तासाला आपण चालू असल्याचं कळवावं. म्हणजे गप्प आणि मेलेली यांतला फरक कळेल. आणि त्याखाली जयराजचं, जे मला सगळ्यात आवडतं. कारण शेतकऱ्याच्या फोनवर बागेतल्या भाषेत दिसावं: पट्टी काढलेली आहे, पट्टी तुटलेली आहे, बॅटरी उतरली आहे. "कारण कळलं तर निम्मे फोन येणारच नाहीत," तो म्हणाला. आता ते कलम तो स्वतःचंच असल्यासारखं सांगतो, आणि ते त्याचं आहेच.

या रितीने बाकीची कलमं परत वाचली तेव्हा जयराजचं भाकीत खरं ठरलं. बाकीच्या मसुद्यातही 'पुरेशी', 'वेळोवेळी' अशी लुसलुशीत वाक्यं निघाली. काही दुरुस्त झाली. काहींवर भांडण मिटलं नाही, आणि बैठक तोंडावर आली. नेटवर्क नसताना पेटीने किती माहिती साठवून ठेवायची यावर तर जयराज आणि मॅडम पुन्हा कराड-मिरजेवर आले.

"हे मागच्या पानावर लिहू," आबेदाताई म्हणाल्या. "यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही, असं."

"सह्या घ्यायला निघालोय आणि आपलीच भांडणं छापायची?"

"हो. गोड शब्दांनी झाकली तर परत कुणाच्या तरी दोन ओळी जातील."

बैठकीला गटाचं ऑफिस भरलं होतं. टेबलावर मोठ्या कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक, रंगीत फोटो, हसणारा शेतकरी. शेजारी आमचे झेरॉक्स केलेले कागद. आण्णांनी आमचा कागद उचलला आणि शेवटचं पान आधी वाचलं. आबेदाताईंचे हात ओढणीच्या टोकाशी काहीतरी करत होते.

"हे काय?" मागून कुणीतरी म्हणालं. "ह्यांचं ह्यांनाच ठरंना, आन् आमच्या बागंचं काय ठरीवणार?"

"ठरलेलं पुढच्या पानांवर आहे," आबेदाताई उठून म्हणाल्या. "जे ठरलं नाही ते मागं आहे. ते लपवून दिलं असतं तर तुम्हाला आज बरं वाटलं असतं. मी एकदा तसं केलं. सुलाकाकींना विचारा."

सुलाबाई बायकांच्या रांगेतून म्हणाल्या, "तिला काय बोलू नगा. तिनं येऊन पान उलटं करून बघितलं. त्या फोटुतल्या बाबानं कुणाचं पान बघितलंय का?"

हशा पिकला, पण प्रश्न हशाने सुटला नाही. बराच वेळ चर्चा चालली. काहींना मोठी कंपनीच हवी होती, एकदाचा निकाल लागेल म्हणून. काही म्हणाले, कंपनीच्या पेट्या बिघडल्या तर पुण्याला फोन करावा लागेल, रहिमानच्या दुकानाच्या वर जिना चढून जाता येणार नाही. शेवटी आण्णांनी निर्णय दिला. सगळ्या बागा नाहीत. या हंगामाला फक्त मणेराजुरीचा पट्टा या कागदाप्रमाणे चालवायचा. मागचं पान एप्रिलातल्या खरड छाटणीच्या आत पुढं आणायचं. तोवर मोठ्या कंपनीला थांबवायचं.

आबेदाताईंना सगळ्या बागा हव्या होत्या. एक पट्टा मिळाला. पण खोल्या उघड्या राहणार होत्या. जिना चढून वर आल्या तेव्हा सिमरनने तोंडाकडे बघूनच विचारलं, "काय झालं ते सांगा आधी, चेहऱ्यावरून काही कळत नाही."

"काम आहे," त्या म्हणाल्या. "जुन्या सगळ्या पेट्या नव्या कलमाप्रमाणे बदलायच्या. उद्यापासून."

ते काम त्यांनी जवळजवळ एकटीने केलं. पाठीवर लॅपटॉप, स्कूटरच्या डिकीत वायर, बागेमागून बाग. प्रत्येक ठिकाणी पेटी उघडायची, नवा प्रोग्रॅम चढवायचा, मग बागेतल्या बाईला पट्टी काढायला लावायची आणि तिच्या फोनवर काय येतं ते तिच्याकडूनच वाचून घ्यायचं. एका बागेत म्हाताऱ्या मालकाने वाचलं, "आकडा नाही. पट्टी काढलेली आहे." मग म्हणाला, "हां, मला ठावं हाय की. मीच काढलीया." आबेदाताई म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला ठाऊक आहे, हे आता पेटीलाही ठाऊक आहे." म्हाताऱ्याला ते फार पटलं.

सुलाबाईंच्या त्या दोन ओळी परत आल्या नाहीत. बाकीची बाग मात्र चांगली धरली. नोव्हेंबरातल्या दवाच्या दिवसांत मणेराजुरीच्या पट्ट्यात अनेकदा 'आकडा नाही' दिसलं आणि तितक्याच वेळा कुणीतरी उठून बागेत गेलं, पिन जोडून आलं. जयराजला फोन आलेच. तो म्हणतो, पण आता शिव्या कमी आणि प्रश्न जास्त असतात.

परवा सावळजच्या बागायतदारांनी आण्णांना निरोप दिला, आम्हालाही तसल्या पेट्या पाहिजेत. आण्णा आबेदाताईंना म्हणाले, "जा, बसवून ये." ताई म्हणाल्या, "आधी कागद वाचून दाखवते. मग पाहिजेत का ते त्यांनी ठरवावं."

आम्ही गेलो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी घातली होती. आबेदाताई एकेक कलम वाचत होत्या आणि दर कलमाला थांबून विचारत होत्या, यातून तुम्हाला काय कळलं ते सांगा. सहावं कलम झालं. आकाराम नावाचा एक उंच माणूस खांबाला टेकून ऐकत होता. त्याने हात वर केला.

"बाई, एक इचारू? पट्टी काढली, तुटली, हे झालं. पण गारा पडल्या, आन् गार पट्टीवर बसून राह्यली. आकडा तर येणार. वलं म्हणूनच येणार. पण ते वलं खरं न्हवं, बर्फ हाय. मग पेटी काय सांगंल?"

आबेदाताईंनी कागद खाली ठेवला.

"हे आम्ही लिहिलेलंच नाही," त्या म्हणाल्या.

आकाराम जरा ओशाळला. "तसं न्हवं, मी आपलं सहज..."

"थांबा, थांबा, बसू नका." त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, मागचं पान उघडलं आणि सतरंजीवर त्याच्यासाठी जागा केली. "या इथं. गार किती वेळ राहते पट्टीवर, तेवढं आधी सांगा."